गाडीचा पेट्रोल काटा आणि ‘अजून एवढे किलोमीटर’ हा आकडा: किती मानायचा आणि घरबसल्या कसा तपासायचा

बेळगावात टाकी फुल करून कोल्हापूरच्या रस्त्याला लागलं की बऱ्याच जणांना एकच अनुभव येतोय, वंटमुरीचा घाट गेला, हत्तरगीचा टोल गेला, संकेश्वर मागं पडलं तरी काटा आपला फुलवरच, आणि परत येताना अर्ध्याच्या खाली उतरला की मग बघता बघता पाव. "काय वो, टाकी गळूलाली काय बघा की जरा" म्हणत लोक सरळ गॅरेज गाठतात, गॅरेजवाला खालून टॉर्च मारतो, काही सापडत नाही, आणि दोष शेवटी पंपावाल्याच्या डोक्यावर.

बहुतेक वेळा ना गळती असते ना पंपावाल्यानं मारलेलं असतं. काटा पेट्रोल मोजतच नाही, तो टाकीत तरंगणाऱ्या एका तुकड्याची उंची दाखवतो. आणि मीटरमध्ये ‘अजून २१० किमी’ असं जे येतंय, ज्याला डीटीई म्हणतात, तो त्या उंचीवर आणि तुम्ही मागचे काही किलोमीटर कसे चालवलात त्यावर बांधलेला अंदाज. म्हंजे अंदाजावर अंदाज. ट्रिप मीटर आणि पंपाचं बिल हे दोघं या दोन्हीपेक्षा जास्त भरवशाचे, असं माझं मत आहे, आणि खालचं सगळं त्याच अंगानं लिहितोय.

टाकीच्या आत काय असतंय

बऱ्याच पेट्रोल गाड्यांत मागची सीट उचलली की खाली एक गोल झाकण असतंय. त्याच्या खाली पेट्रोल इंजिनकडं ढकलणारा छोटा पंप आणि त्याच पंपाच्या अंगाला चिकटलेली एक बारीक तार, तारेच्या टोकाला काळा फोमचा किंवा प्लॅस्टिकचा तुकडा, तोच फ्लोट. पेट्रोल वर तर फ्लोट वर, पेट्रोल खाली तर फ्लोट खाली. तारेच्या दुसऱ्या टोकाला धातूची बारीक दोन बोटं, ती एका छोट्या पट्टीवर पुढंमागं घासतात, पट्टीवर जागा बदलली की विजेचा रोध बदलतो, आणि तेवढ्यावरून पुढचं मीटर ठरवतंय की टाकी किती भरली. हे सगळं सेंडर. काही नव्या गाड्यांत घासणाऱ्या बोटांऐवजी चुंबकाचा सेन्सर असतो, पण फ्लोट आणि तार आहेच.

आता यातली गोम बघा. फ्लोटची तार ठराविक उंचीपर्यंतच वर जाते. त्याच्यावरही टाकीत जागा असते, आणि तुम्ही टाकी वरपर्यंत भरली की फ्लोट छताला टेकून बसतो, वर किती पेट्रोल आहे ते त्याला कळायचा संबंधच नाही. ते वरचं पेट्रोल संपेपर्यंत काटा फुलवरच राहणार. खाली पण तसंच, फ्लोट तळाला टेकला तरी टाकीत थोडं उरलेलं असतं, आणि कंपन्या मुद्दामच शून्य जरा आधी दाखवतात, म्हंजे माणूस रस्त्यात अडकू नये.

आणि टाकी म्हंजे काही गोडेतेलाचा चौकोनी डबा नव्हे. सीटखाली, सायलेन्सरच्या पाइपाच्या बाजूनं, चेसीच्या खाचाखोचांत बसेल तशी वेडीवाकडी केलेली असते. वर रुंद, खाली निमुळती असेल तर फ्लोट एक इंच खाली येतोय तवा वरच्या भागात समजा ७ लिटर गेलेलं असतं, खालच्या भागात ४ च. म्हणूनच काटा वरच्या अर्ध्यात सावकाश आणि खालच्या अर्ध्यात पळतोय. नव्या गाड्यांत मीटरमधला कॉम्प्युटर टाकीच्या आकाराचा तक्ता बघून हे बरंचसं सरळ करतो, जुन्या गाड्यांत तसलं काही नव्हतं. ज्या गाड्यांत मागच्या चाकांना जाणारा शाफ्ट टाकीच्या मधून जातो, काही फोर बाय फोर गाड्यांत असं असतंय, तिथं टाकी खोगिरासारखी दोन कप्प्यांची आणि सेंडर पण दोन असू शकतात. त्यातला एक बिघडला की काटा अर्ध्यावर येऊन अडकू शकतो.

‘पाचशेचं घातलं, काटा जागचा हलंना’

ही तक्रार तर रोजची. पेट्रोल टाकीत सारखं हिंदकळत असतं, अनगोळच्या स्पीडब्रेकरवर एकदा, वळणावर एकदा. काटा जर फ्लोटबरोबर हलला असता तर दिवसभर नाचत बसला असता. म्हणून मीटर फ्लोटचं मागच्या काही वेळाचं सरासरी घेऊन काटा हळूहळू सरकवतं. गाडी बंद करून परत चालू केली आणि पातळी एकदम बरीच वाढलेली दिसली तरच ‘अच्छा, पेट्रोल घातलं वाटतं’ म्हणून ते झटकन वर जातं. शंभरीपार भावात पाचशेचं म्हंजे पाच लिटरही नाही, एवढी वाढ कित्येक मीटर मोजतच नाहीत, हळूहळू दाखवतात. इग्निशन चालू ठेवून पेट्रोल घातलं तर हीच गोष्ट होऊ शकते, काटा कितीतरी किलोमीटर जुन्याच जागी. पंपावर गाडी बंद करायची ती मुळात आगीच्या भीतीनं, पण काट्यासाठी पण तेच बरं.

दुसरं म्हंजे उतार. घरापुढच्या रॅम्पवर नाक वर करून गाडी लावली असेल तर पेट्रोल मागं जमा होतंय, फ्लोट टाकीच्या कुठल्या बाजूला बसवलाय त्यावर काटा जास्त दाखवेल किंवा कमी. सकाळी चालू करताना जी पातळी दिसते ती काही वेळ तशीच धरून ठेवली जाते. घाटात तर हे चालूच असतं. म्हणून काटा बघायचा असेल तर सपाटीवर, गाडी पाचदहा मिनिटं चाललेली असताना बघा, चढावर बघून घाबरायचं नाही आणि उतारावर बघून खूशही व्हायचं नाही.

डीटीई कसा काढतात आणि चोर्ला घाटात त्याचं काय होतंय

हिशोब साधा आहे, टाकीत उरलेले लिटर गुणिले मागच्या काही अंतराचं ॲव्हरेज. किती मागचं धरायचं ते प्रत्येक कंपनीचं वेगळं, कोण शेवटचे तीसचाळीस किलोमीटर धरतो, कोण शेकडो किलोमीटरचं धरून त्यात ताज्याला जास्त वजन देतो. शेवटचे थोडेच किलोमीटर धरणाऱ्या गाडीचा आकडा जास्त उड्या मारतो.

आता बेळगाव ते गोवा जांबोटी, कणकुंबी, चोर्ला असं जायचं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर, खाली गोव्यातल्या साखळी गावाकडं उतरलं की जवळजवळ शून्य. उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की आजकालच्या इंजिनात पेट्रोल पूर्ण बंद होतंय, चाकंच इंजिन फिरवतात. मीटरवर त्या क्षणाचं ॲव्हरेज ९९ वगैरे काहीतरी येतं. घाट उतरून खाली आलं की घाटाच्या तोंडाशी १० लिटरवर २०० किमी दाखवणारी गाडी ९ लिटरवर २३० दाखवायला लागते, पेट्रोल कमी झालं आणि किलोमीटर वाढले, आणि मागच्या सीटवरचा कोणतरी म्हणतोय, "आता गोवा फिरून परत येऊ या की, कशाला घालायचं".

इथंच फसगत. त्या २३० मध्ये घाट उतरल्याचं ॲव्हरेज आहे, चढायचं नाही. चढायला किती लागतं त्याचा ढोबळ हिशोब सांगतो: गाडी आणि माणसं मिळून १३०० किलो धरा, ७५० मीटर वर न्यायचं म्हंजे साधारण ९.५ मेगाज्यूल ऊर्जा. एक लिटर पेट्रोलमध्ये ३२ मेगाज्यूल असतात पण इंजिन त्यातलं चौथ्या हिश्श्याच्या आसपासच कामाला लावतं, म्हंजे लिटरला ८. तर नुसती उंची गाठायला सव्वा लिटरच्या आसपास, रस्ता चालायला लागणारं पेट्रोल त्याच्यावर वेगळं. पाच माणसं, डिकीत काजू आणि मासळीचा बॉक्स असेल तर अजून थोडं. घाट उतरल्यावर मीटरनं दाखवलेल्या आकड्यातून चढायच्या घाटाचे पंचवीसतीस किलोमीटर सरळ वजा करा आणि मग ठरवा, हा माझा नियम. आंबोली आणि तिलारीकडून चढतानाही हाच हिशोब.

जाता जाता एक, उतारावर न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचत नाही. न्यूट्रलमध्ये इंजिनला चालू राहायला पेट्रोल लागतंच, गिअरमध्ये ते शून्य होतं. शिवाय घाटात न्यूट्रल म्हंजे सगळा भार ब्रेकवर, पावसाळ्यात चोर्ल्याच्या धुक्यात तर तो शहाणपणा अजिबात नको.

गोव्यात पेट्रोल स्वस्त म्हणून परत येताना साखळीला गळ्यापर्यंत भरून घेणारे पण आपल्याकडं कमी नाहीत. "अजून घाला हो, राउंड फिगर करा." नोझल एकदा कट झाल्यावर वर ओतलेलं पेट्रोल वाफ जायच्या पाइपातून कोळशाच्या डब्यात, कॅनिस्टर म्हणतात त्याला, शिरू शकतं, आणि तो खराब झाला की इंजिन चेक लाइट आणि बिल. वाचलेले पैसे त्यातच जातात. वर सांगितल्याप्रमाणं काटा पण मग घाट चढून कणकुंबी आली तरी फुल, आणि माणूस समजतो गाडीनं आज काय ॲव्हरेज दिलं.

मीटरवरचं ॲव्हरेज जास्त का दाखवतं

मीटर खर्च झालेलं पेट्रोल फ्लोटवरून काढत नाही, इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला त्यावरून काढतं. इंजेक्टरचा फवारा कारखान्यात ठरलेल्या मापाचा धरलेला असतो, प्रत्यक्षात दाब, झीज, कचरा यांनी थोडा फरक पडतो. आणि कंपन्यांचा कल थोडं चांगलं दाखवायचा असतो असं मला वाटतं, कमी दाखवणारी गाडी मी तरी फारशी ऐकलेली नाही.

किलोमीटरमध्येही गडबड असते. गाडी चाकाचे फेरे मोजते, रस्ता नाही. नव्या टायरची नक्षी ८ मिमी धरली आणि कायद्यानं चालते तेवढी शेवटची १.६ मिमी, तर टायरचा व्यास जवळजवळ १३ मिमी कमी झाला. ६०० मिमी व्यासाच्या टायरला हे २ टक्के. म्हंजे झिजलेल्या टायरवर गाडी १०० किमी चालली तर मीटर १०२ म्हणणार. ज्यांनी हौसेनं मोठी अलॉय आणि मोठे टायर घातलेत त्यांचं उलटं, मीटर कमी दाखवणार, आणि ते म्हणणार गाडीचं ॲव्हरेज पडलं. स्पीडोमीटर जास्त वेग दाखवतो तो वेगळा विषय, तो मुद्दाम तसा ठेवलेला असतो, त्यावरून किलोमीटर चुकतात असं धरू नका.

आणि ई२०, म्हंजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. आपल्या चिक्कोडी, निपाणी, संकेश्वर पट्ट्यातला ऊस कारखान्यात जातो, तिथं मळीपासून नाहीतर सरळ रसापासून इथेनॉल, आणि ते परत आपल्याच टाकीत. इथेनॉलमध्ये लिटरला साधारण २१ मेगाज्यूल, पेट्रोलमध्ये ३२. वीस टक्के मिसळलं की शुद्ध पेट्रोलपेक्षा जवळपास ७ टक्के ऊर्जा कमी, आधीच्या दहा टक्केवाल्यापेक्षा साडेतीन टक्के. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या पद्धतीच्या चारचाकींना ६ ते ७ टक्के, दुचाकींना ३ ते ४ टक्के आणि ई२० साठी जुळवलेल्या गाड्यांना १ ते २ टक्के ॲव्हरेज कमी होईल असं लिहिलेलं आहे. शेतकऱ्याला दर मिळतोय तर मिळू दे, माझी तक्रार नाही, पण डोक्यातला जुना आकडा बदला. डीटीई काहीशे किलोमीटरमध्ये नव्या पेट्रोलला सरावतं, ‘माझी गाडी फुल टाकीत सहाशे जाते’ हे आपणच वर्षानुवर्षं धरून बसतो.

सकाळी थंडीत पेट्रोल घातलं की जास्त मिळतं म्हणणाऱ्यांसाठी: पेट्रोल एका डिग्रीला साधारण ०.१ टक्का फुगतं. ३५ लिटरला १० डिग्रीचा फरक धरला तरी तिसरा हिस्सा लिटर, आणि पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथलं तापमान सकाळदुपार एवढं बदलतच नाही. झोप मोडू नका.

आता तपासायचं कसं

टाकी ते टाकी, एवढी एकच पद्धत मी मानतो. टाकी नोझल पहिल्यांदा कट होईपर्यंत भरा, कट झालं की बस, वर काही नाही. ट्रिप मीटर शून्य. मग तीनशे किलोमीटर तरी चालवा, रोजच्यासारखं, मुद्दाम सावकाश नको. परत त्याच पंपावर, जमलं तर त्याच मशीनवर आणि गाडी तशाच सपाट जागी उभी करून, परत पहिल्या कटपर्यंत भरा. बिलावर जेवढे लिटर तेवढे तुम्ही जाळले. किलोमीटर भागिले लिटर, झालं.

समजा ट्रिपवर ४१२ आलं आणि टाकीत २४.६ लिटर बसलं. ॲव्हरेज आलं १६.७५. त्याच वेळी मीटर १८.२ म्हणत होतं. म्हंजे तुमचं मीटर आठनऊ टक्के फुशारकी मारतंय, यापुढं मीटरवरच्या कुठल्याही ॲव्हरेजला आणि डीटीईला ०.९२ नं गुणा. एका खेपेवर जाऊ नका, नोझल कधी लवकर कट होतंय कधी उशिरा, त्यामुळं लिटरअर्धा लिटर इकडंतिकडं होतंच, तीनचार टाक्यांची बेरीज करून भागाकार केला की तो फरक आपोआप विरघळतो. बिलाच्या पाठीमागंच किलोमीटर लिहून ग्लव्ह बॉक्समध्ये टाकायचं, त्यासाठी ॲप कशाला पाहिजे.

याच बिलांवरून काटा पण वाचता येतो. काटा बरोबर अर्ध्यावर आला की ट्रिप मीटर किती, पावावर किती, दिवा लागला तवा किती, एवढंच टिपा. बऱ्याच गाड्यांत अर्ध्यापर्यंत ६० टक्के अंतर गेलेलं असतं. तुमच्या गाडीचं एकदा कळलं की पुढं काट्याची भाषा समजते, आणि अर्धा दिसला म्हणून ‘अजून तेवढंच जाईल’ असं धरून कोणी निघत नाही.

रिझर्व्हचं पण बघून ठेवा. मॅन्युअलमध्ये दिवा साधारण किती लिटरला लागतो ते असतंय, नसलं तर दिवा लागला की सरळ पंपावर जाऊन पहिल्या कटपर्यंत भरायचं. ३७ लिटरची टाकी, स्विफ्टची आहे तेवढी, आणि बसलं ३१, तर सहाच्या आसपास उरलेलं होतं. त्यातला एक लिटर सोडून द्या कारण कंपनीनं लिहिलेली ३७ ही काही काटेकोर वरच्या काठापर्यंतची नसते. यावरूनच पंपावर भांडणं होतात, ‘टाकी ३७ ची आणि तुम्ही ३९ घातलं कसं’ म्हणून. लिहिलेल्या आकड्याच्या वर वाफेसाठी जागा आणि गळ्याचा पाइप असतो, तिथं बसतं ते. खरंच संशय असेल तर पंपावर ५ लिटरचं शिक्क्याचं माप ठेवणं बंधनकारक आहे, ते मागा आणि समोर भरून घ्या. ५ लिटरला २५ मिलीपर्यंत फरक चालतो, त्याच्या पलीकडं गेला तर वजनमापवाल्यांकडं तक्रार करा. आधी माप, मग आवाज.

टाकी पूर्ण सुकवून ‘शेवटपर्यंत किती जाते बघू’ हा प्रयोग मात्र करू नका. टाकीतला पंप भोवतीच्या पेट्रोलनंच गार राहतो, कोरडा चालला की जळतो. डिझेल गाडीत लाइनीत हवा शिरली की ती काढत बसायला लागते, आणि ते तवंदीच्या घाटात रात्री दहाला करायची वेळ यायला नको. घाटात अजून एक धोका, पेट्रोल अगदी कमी असेल तर चढावर ते एका बाजूला सरकून पंपाच्या तोंडापासून लांब जातं, सपाटीवर चालणारी गाडी चढावर झटके देते. पावाच्या खाली काटा असताना चोर्ला चढायचाही नाही आणि उतरायचाही नाही, जांबोटीकडं निघायच्या आधी बेळगावातच घालून घ्या.

सीएनजी आणि इलेक्ट्रिकवाल्यांसाठी थोडक्यात

सीएनजीत फ्लोट नसतो, दाब मोजतात. भरताना साधारण २०० बारपर्यंत भरतात, जोरात भरल्यानं सिलिंडर तापतो, तापला की दाब जास्त दिसतो, घरी येऊन गार झाला की एक ठिपका गायब. लीक नाही ते. ६० लिटरच्या सिलिंडरमध्ये ८ ते १० किलो बसतं, पंपाचाच दाब कमी असेल तर अजून कमी. चार हिरव्या ठिपक्यांवर विसंबण्यापेक्षा बिलावरचे किलो आणि ट्रिप मीटर, इथं तर पेट्रोलपेक्षाही जास्त खरं.

इलेक्ट्रिक गाडीत टक्के सुद्धा अंदाजच, आत किती करंट गेला आणि बाहेर किती आला याची बेरीज वजाबाकी, वर व्होल्टेजचा आधार. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरीत व्होल्टेज मधल्या भागात जवळपास सपाटच असतं, त्यामुळं बॅटरीचा मेंदू हळूहळू चुकत जातो, म्हणून कंपनी सांगते तसं अधूनमधून १०० टक्के चार्ज करा, तवा त्याला टोक सापडतं. जाहिरातीतली रेंज प्रयोगशाळेतल्या चाचणीची, त्यात सर्वात जास्त वेग ९० आणि सरासरी त्याच्या निम्म्याहून कमी, आपल्या हायवेला १०० नं चालवून तेवढी मिळणार नाही. घाटाचा हिशोब इथं सोपा आहे, दीड टनाची गाडी गोव्याहून बेळगावला आणायची तर नुसत्या उंचीचे ३ युनिट, मोटरचा तोटा धरून साडेतीन. उतरताना त्यातलं बरंचसं परत मिळतं. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर परत घेत नाही हा नियम खरा, पण बेळगावातून फुल करून निघालं तरी घाटाचं तोंड येईपर्यंत जागा झालेली असते, त्याची काळजी करू नका.

खरोखर बिघाड कवा समजायचा

काटा काहीही केलं तरी फुलवर किंवा शून्यावर अडकलेला, किंवा एका ठराविक जागी आला की पडतो आणि परत उठतो, तर सेंडरची पट्टी झिजली असणार. पट्टीचा जो भाग रोज घासला जातो तोच आधी जातो, कायम पाव ते अर्ध्यात गाडी चालवणाऱ्यांची त्याच भागात उडी मारते. खड्ड्यात काटा थरथरत असेल तर वायर किंवा अर्थिंग. पावसाळ्यानंतर सुरू झालं असेल तर सीटखालचा कनेक्टर उघडून हिरवा गंज आहे का बघा, खानापूर, लोंढ्याकडच्या पावसात हे बरंच होतं. पत्र्याची टाकी असेल आणि खालून दगड लागला असेल तर पोचा पडून फ्लोटची तार अडकते.

गॅरेजला जायच्या आधी दोन गोष्टी घरी करता येतात. चावी फिरवल्यावर ज्या गाड्यांत सगळे काटे एकदा शेवटपर्यंत जाऊन येतात, तिथं तो अडखळत नसेल तर मीटरचा काटा ठीक, दोष टाकीकडं. दुसरं, ब्लूटूथचा ओबीडी डोंगल, म्हंजे गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती मोबाइलवर दाखवणारा छोटा प्लग, कुणाकडं असेल तर लावून फ्युएल लेव्हल बघा, सगळ्या गाड्या ते देत नाहीत, पण ज्या देतात तिथं कच्चा टक्का कसा हलतोय ते कळतं, सपाटीवर उभ्या गाडीत तो वेड्यासारखा उड्या मारत असेल तर सेंडरच. सीट उचलून झाकण आणि पंप स्वतः उघडू नका, आत पेट्रोलची वाफ असते, ते उघड्या हवेत, बॅटरीची निगेटिव्ह काढून, जाणकारानंच करावं.

मेकॅनिककडं ‘ॲव्हरेज देत नाही’ एवढंच सांगू नका, तो प्लग आणि एअर फिल्टर बदलून मोकळा होईल. काटा कुठल्या जागी अडकतो, चढावर का सपाटीवर, भरल्यानंतर का रिकामी होताना, हे सांगा. आणि तो अख्खा पंप बदलायचा म्हणून हजारोंचा आकडा सांगायला लागला तर विचारा, सेंडर वेगळा मिळतो काय. कित्येक गाड्यांत तो पंपाच्या अंगावरून क्लिप काढून निघतो आणि एकटाच मिळतो, उद्यमबागेकडच्या जुन्या मेकॅनिकांना हे पाठ आहे. जिथं कंपनी पंपासकटच देते तिथं मात्र इलाज नाही, आणि दिवा बरोबर लागतोय, फक्त काटा चुकतोय, अशी गाडी असेल तर मी म्हणेन खर्च करू नका, ट्रिप मीटरवर चालवा.